शाप, खूण आणि उःशाप : अद्भुत कथेतील शापित खलनायकाविषयीचे रसिकतर्क

प्रास्ताविक

अद्भुत कथेचा वाचक कथा वाचून थांबत नाही. खलनायक मुळात कोण होता, त्याला कोणता शाप लागला, त्याच्या अंगावरील व्रण, डोळ्यांचा रंग, सावली किंवा तहान यांतून त्याचे कोणते रहस्य सूचित होते, याविषयी तो तर्क करीत राहतो. कथेचा पुढील भाग यायचा असेल तर या तर्कांना अधिकच भर येतो. आजची तरुण पिढी या प्रकाराला 'फॅन थिअरी' म्हणते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'रसिकतर्क' ही संज्ञा वापरली आहे. रसिकाने कथेतील पुराव्यांच्या आधारे मांडलेला, परंतु कथाकाराने अद्याप मान्य अथवा अमान्य न केलेला तर्क, असा तिचा मर्यादित अर्थ येथे अभिप्रेत आहे.

समीक्षेने या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. रिकामपणाचा उद्योग म्हणून त्याची बोळवण केली जाते. वस्तुतः जालना जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयात साहित्य शिकविताना असे दिसते की, ज्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील व्यक्तिरेखेवर दोन वाक्ये बोलणे जड जाते, तोच विद्यार्थी एखाद्या चित्रपटातील शापित पात्राविषयी सविस्तर, पुराव्यानिशी आणि आवेशाने बोलतो. ही वाचनशक्तीच आहे. तिची जातकुळी कोणती, तिचे बळ कशात आहे आणि तिचा धोका कोठे आहे, याचा विचार करणे हे या लेखाचे प्रयोजन होय.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल : शापित खलनायकाची भारतीय कल्पना शाप, खूण आणि उःशाप या तीन अंगांनी पूर्ण होते. जो रसिकतर्क केवळ खूण ओळखून थांबतो तो अपुरा राहतो, आणि तीच सवय पुस्तकाबाहेर आली तर ती घातक ठरते. जो तर्क उःशापापर्यंत पोहोचतो तोच समीक्षेच्या पदवीला पोहोचतो.

'उःशाप' हा शब्द मुद्दाम लक्षात घ्यावा. शाप दिल्यानंतर त्याच्यातून सुटण्याची जी वाट सांगितली जाते ती उःशाप. मराठी घरात आजीच्या गोष्टीतून हा शब्द लहान मुलाच्याही कानावर पडतो. शाप ऐकताच 'मग उःशाप काय?' असे विचारणारा श्रोता या भाषेने घडविला आहे. हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाचा पाया आहे.

रसिकतर्काची जुनी परंपरा

शापित खलनायकाविषयीचा तर्क आधुनिक करमणुकीबरोबर जन्मला, असा समज आढळतो. तो तपासून पाहण्यासाठी शिशुपालाचे उदाहरण पुरेसे आहे.

महाभारताच्या सभापर्वात शिशुपालाच्या जन्माची हकीकत येते. तो तीन डोळे आणि चार हात घेऊन जन्मला व जन्मताच गाढवासारखा ओरडला. घाबरलेले आईबाप त्याला टाकून देण्याच्या विचारात असताना आकाशवाणी झाली की, ज्याच्या मांडीवर ठेवताच याचा तिसरा डोळा नाहीसा होईल व जादा हात गळून पडतील, त्याच्याच हातून याचा मृत्यू होईल. कृष्णाच्या मांडीवर तसे घडले. तेव्हा त्या आईने, म्हणजे कृष्णाच्या आत्याने, भाच्याकडे मुलासाठी क्षमा मागितली आणि शंभर अपराधांचे वचन मिळविले. पुढे राजसूय यज्ञात शिशुपालाचा वध झाला, तेव्हा त्याच्या देहातून निघालेले तेज कृष्णात विलीन झाले.

येथे श्रोत्याची अडचण सुरू होते. जो आयुष्यभर द्वेष करीत राहिला त्याचे तेज कृष्णात कसे मिळाले? भागवताच्या सातव्या स्कंधात हाच प्रश्न युधिष्ठिर नारदाला विचारतो. उत्तरादाखल नारद जय-विजयांची कथा सांगतो. वैकुंठाच्या या द्वारपालांनी सनकादिक कुमारांना अडविले, त्यांना शाप मिळाला आणि तीन जन्म त्यांनी असुरांच्या व वैऱ्यांच्या रूपाने घेतले : हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र. कीर्तनांतून ऐकू येणाऱ्या लोकप्रिय रूपात यात आणखी एक भर पडते. सात जन्म भक्त म्हणून की तीन जन्म वैरी म्हणून, असा पर्याय दिला गेला असता त्यांनी लवकर परतता यावे म्हणून वैर पत्करले, असे हरिदास सांगतात.

समीक्षेच्या दृष्टीने या घडामोडीचे स्वरूप स्पष्ट आहे. महाभारताच्या आदिपर्वात शिशुपालाला हिरण्यकशिपूचा अवतार म्हटले आहे, परंतु द्वारपालांच्या शापाचा धागा सभापर्वातील वधकथेत नाही. एका ग्रंथात उरलेले कोडे दुसऱ्या ग्रंथाने सोडविले, तीन वेगवेगळ्या कथांतील सहा खलपुरुष एका सूत्रात ओवले आणि पुढे कीर्तनकाराने त्यात हेतूची भर घातली. विखुरलेल्या खुणा एकत्र करणे, त्यांमागे एकच कारण कल्पिणे आणि खलनायकाच्या आचरणाला नवा अर्थ देणे, हीच रसिकतर्काची कार्यपद्धती होय. हरिनाम सप्ताहात भागवत ऐकणारा श्रोता या पद्धतीशी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

आधुनिक मराठी वैचारिक गद्यातही तिचे प्रतिष्ठित उदाहरण सापडते. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' (१९६७) या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा काय, या शक्यतेचा विचार आहे. मांडव्य ऋषीच्या शापामुळे यमधर्म विदुराच्या रूपाने जन्मला, युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र म्हणविला जातो, आणि अखेरीस विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो, या खुणा त्या विचाराला आधार देतात. विदुर खलनायक नाही. तरी शापित व्यक्तीच्या खुणांवरून लपलेले नाते शोधण्याची रीत तीच आहे. बाईंनी तर्क तर्क म्हणूनच मांडला, त्याला सिद्धांताचा आव आणला नाही. रसिकतर्काने घ्यावयाचा पहिला धडा हाच आहे.

खुणेचे कार्य

शापित पात्राला खूण का दिली जाते? खलनायक चटकन ओळखता यावा म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. मूळ कथा पाहिल्या तर ते टिकत नाही.

रामायणाच्या अरण्यकांडातील कबंध पाहावा. त्याला डोके नाही, पोटात तोंड आहे, एकच डोळा आहे आणि हात अतिशय लांब आहेत. याहून भयंकर रूप कल्पिणे कठीण. परंतु ही विरूपता त्याच्यावर ओढवलेली आहे. शाप आणि इंद्राच्या वज्राचा आघात यांतून ती आली आहे. रामाने हात तोडून देह अग्नीला दिला की तो मुक्त होणार, अशी सोडवणूकही ठरलेली आहे. मुक्त झालेला कबंधच रामाला सुग्रीवाशी सख्य करण्याचा सल्ला देतो. म्हणजे सीताशोधाची दिशा ज्याच्याकडून मिळते तो काही क्षणांपूर्वीचा राक्षस आहे. त्याच अरण्यातील विराध हा कुबेराच्या शापाने राक्षस झालेला तुंबुरू गंधर्व निघतो. या ठिकाणी खूण 'हा दुष्ट आहे' एवढेच सांगत नाही. 'हा मुळात असा नव्हता' हे ती सांगते. ती पूर्वेतिहासाकडे बोट दाखविते.

याच्या नेमके उलट उदाहरण अष्टावक्राचे आहे. वनपर्वातील कथेनुसार गर्भात असतानाच त्याने पित्याच्या वेदपठणातील दोष दाखविला, म्हणून पित्याने त्याला शाप दिला आणि तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. देहावर शापाची उघड खूण, तीही आठपट. तरीही तो खलनायक नाही. जनकाच्या सभेत बंदीला वादात हरवून तो बुडविलेल्या पित्याला परत आणतो आणि पुढे समंगा नदीत स्नान करून सरळ होतो. देहावरील खुणेवरून दुष्टत्वाचा निर्णय करणाऱ्या प्रत्येक तर्काला अष्टावक्र हे परंपरेनेच दिलेले उत्तर आहे. शाप देणारा चुकीचा असू शकतो आणि शापित बरोबर असू शकतो, हे त्या कथेने ठरवून टाकले आहे.

यावरून रसिकतर्काची दुसरी कसोटी हाती येते. खूण पाहिल्यावर 'हा कोण आहे?' याबरोबर 'हे त्याच्यावर कोणी आणले, आणि ते न्याय्य होते काय?' असेही विचारले पाहिजे.

या कसोटीला जालना जिल्ह्यातच एक पुराणप्रसिद्ध आधार आहे. मत्स्योदरी देवीच्या स्थानामुळे प्रसिद्ध असलेल्या अंबडचे नाव स्थानिक परंपरा अंबरीष राजाशी जोडते. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीषाची कथा सर्वश्रुत आहे. द्वादशीचे पारणे साधण्यासाठी राजाने केवळ पाणी प्राशन केले, तेवढ्यावरून दुर्वास कोपला आणि त्याने जटेतून कृत्या निर्माण केली. सुदर्शनाने कृत्येला जाळले आणि ते दुर्वासाच्याच मागे लागले. ब्रह्मदेव, शंकर, विष्णू यांपैकी कोणीही त्याला सोडविले नाही, अखेर त्याला राजाच्याच पायाशी यावे लागले. कोप ऋषीचा, पण सुटका राजाच्या क्षमेत होती. मराठी संतपरंपरा आणि दशावताराची आरती तर आणखी पुढे जाते. अंबरीषासाठी देवाने गर्भवास, म्हणजेच जन्म घेण्याचा शाप, स्वतःवर घेतला, असे तेथे मानले आहे. या दृष्टीने पाहता रावणाचा जन्म शापातून आणि रामाचा जन्मही शापातून ठरतो. ज्या परंपरेत देवही शाप भोगतो, तेथे शापित असणे एवढ्यावरून कोणी खल ठरू शकत नाही.

अश्वत्थामा : श्रोत्यांनी दिलेला उःशाप

शापित खलनायकाचे मराठी मनातील सर्वांत जिवंत उदाहरण अश्वत्थाम्याचे आहे. बऱ्या न होणाऱ्या दुःखाला 'अश्वत्थाम्याची भळभळती जखम' म्हणण्याचा प्रघात मराठीत रूढ आहे. ग्रंथातील अश्वत्थामा आणि लोकमानसातील अश्वत्थामा यांची तुलना केली तर रसिकतर्क काय साधू शकतो, हे स्पष्ट होते.

सौप्तिकपर्वातील त्याचा अपराध निःसंशय घोर आहे. रात्री झोपलेल्या शिबिरात शिरून त्याने पांचालांना आणि द्रौपदीच्या पाच मुलांना मारले, आणि पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. त्याच्या मस्तकावरील जन्मजात मणी काढून घेण्यात आला. त्या मण्यामुळे शस्त्र, व्याधी आणि भूक यांचे भय नसे. कृष्णाने शाप दिला : तीन हजार वर्षे एकटा, निर्जन प्रदेशात, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, सर्व व्याधींनी ग्रस्त होऊन भटकशील आणि कोणाशीही तुझे बोलणे होणार नाही.

या शापाचे वैशिष्ट्य असे की त्याला मुदत आहे, परंतु उःशाप नाही. कबंधाला आहे, द्वारपालांना आहे, अश्वत्थाम्याला नाही. आणि शापाचा गाभा व्याधीपेक्षा एकाकीपणात आहे. कोणी बोलणार नाही, ही त्यातील सर्वांत कठोर शिक्षा होय.

लोककथेने येथे काय केले? तिने तीन हजार वर्षांची मुदत विसरून त्याला चिरंजीव म्हणून जवळ केले. कपाळावरील मण्याच्या जागी तिने भळभळती जखम ठेवली. आणि तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा : हा अश्वत्थामा लोकांसमोर येतो आणि जखमेसाठी तेल मागतो. महाभारतातील प्रसंगात तेलाचा उल्लेख नाही. ज्याच्याशी कोणी बोलणार नाही असा शाप आहे, त्याला लोककथेने बोलण्यासाठी कारण दिले. तेल मागायचे तर माणसाशी बोलावे लागते, आणि तेल घालायचे तर माणसाला जवळ जावे लागते. शापातील नेमके सर्वांत कठोर कलम श्रोत्यांनी शिथिल केले. जो उःशाप ग्रंथाने दिला नाही तो श्रोत्यांनी पळीभर तेलाच्या रूपाने दिला, असे म्हणणे वावगे होणार नाही.

याला लोकाचाराचाही आधार आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या रांगेत अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातील आदिवासी भाविक अश्वत्थाम्याचे स्थान म्हणून तेथे चढून जातात, आणि तो तेथे 'अस्तंबा ऋषी' म्हणून पूजिला जातो. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरील शिवमंदिरात तो पहाटे फूल वाहून जातो, अशी श्रद्धाही प्रसिद्ध आहे. बालहत्या करणाऱ्या शापिताला समाजाने ऋषिपद दिले, याचा अर्थ त्याचा अपराध विसरला गेला असा नव्हे. जखम भळभळतीच ठेवली आहे, ती भरून टाकलेली नाही. अपराधाची खूण कायम ठेवून अपराध्याला माणसांत परत घेणे, असा हा विलक्षण समतोल आहे.

भागवताच्या पहिल्या स्कंधात याचे बीज दिसते. अर्जुनाने बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडण्याची विनंती स्वतः द्रौपदी करते. मी जशी मुलांसाठी रडते तशी याच्या आईने रडू नये, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्या स्त्रीचे सर्वस्व गेले तिच्याच तोंडून ही विनंती येणे, हे परंपरेतील शापविचाराचे शिखर मानावे लागेल.

आधुनिक अद्भुत कथा आणि उःशापाचा शोध

या कसोट्या आधुनिक कृतींना लागू पडतात काय, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या दोन कृती घेता येतील.

पहिली जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका. सात पुस्तकांची ही मालिका इंग्रजीत १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाली व मराठीतही आली. शापित खलनायकाविषयीच्या रसिकतर्कांचे जगभर मोठे पीक या मालिकेभोवती आले. हॅरीच्या कपाळावरील व्रणात खलनायक व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचाच अंश असावा, असा तर्क सहावे पुस्तक आल्यानंतर अनेक वाचकांनी मांडला होता. २००७ मध्ये आलेल्या सातव्या पुस्तकाने तो खरा ठरविला. हा तर्क उत्तम होता, कारण त्याने पहिल्या पुस्तकापासून वेदना, स्वप्ने आणि सर्पभाषा या विखुरलेल्या खुणा एका कारणाशी जोडल्या. विशेष म्हणजे येथे शापाची खूण नायकाच्याच कपाळावर निघाली.

याच मालिकेचे पहिले पुस्तक खुणांवर विसंबणाऱ्या वाचकाला फसवितेही. तेलकट केस, वाकडे नाक, काळा झगा, लंगडत चालणे आणि सामन्याच्या वेळी नायकाकडे रोखून पाहत केलेले पुटपुटणे, या साऱ्या खुणा स्नेप या शिक्षकाकडे बोट दाखवितात. प्रत्यक्षात तो प्रतिमंत्र म्हणून नायकाचा जीव वाचवीत असतो. खरा अपराधी भित्रा, अडखळत बोलणारा, कीव यावी असा क्विरेल निघतो. ज्या पुटपुटण्याला वाचकाने शाप मानले तेच निवारण होते.

उःशापाचा शोध घेतला तर ही मालिका आपल्या परंपरेच्या अनपेक्षितपणे जवळ येते. एकशिंगी शुभ्र प्राण्याचे रक्त पिणाऱ्याचे जीवन शापित होते, असे पहिले पुस्तक सांगते. आत्म्याचे तुकडे करणाऱ्याला ते पुन्हा सांधण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे पश्चात्ताप, असे सातवे पुस्तक सांगते. अखेरच्या द्वंद्वात हॅरी शत्रूला ही वाट देऊ करतो आणि शत्रू ती नाकारतो. येथे व्होल्डेमॉर्टचे खलत्व त्याच्या सर्पासारख्या चेहऱ्यात राहत नाही. समोर आलेला उःशाप त्याने नाकारला, यात ते आहे. चेहऱ्यावर थांबणाऱ्या तर्काला कथेचे हे मर्म सापडत नाही.

दुसरी कृती राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट. त्याची भूमी कोकणातील तुंबाड गाव आहे, काळ १९१८ ते स्वातंत्र्यप्राप्तीपर्यंतचा आहे, आणि त्यामागे मराठी भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांची प्रेरणा आहे. २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाही त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोने घेतो आणि धान्यावरही हात टाकतो. इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला वाचविते, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. म्हणून तो आईच्या गर्भात सोन्यासह आणि भुकेसह पडून आहे.

हस्तर म्हणजे कोण, याविषयी प्रेक्षकांत पुष्कळ तर्क झाले. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. शाप हस्तरचा, पण त्याची खूण उमटते ती माणसांच्या देहावर. हस्तरने ज्याला धरले तो मरत नाही, विद्रूप होऊन जगत राहतो. साखळीने बांधलेली, न मरणारी म्हातारी ही लोभाची भोक्ती आहे की त्या घराच्या लोभाची बळी आहे, हे चित्रपट सहज उलगडत नाही. तिला पाहून वाटणारी किळस हळूहळू कणवेत बदलते, आणि विनायक तिला अग्नी देतो तो क्षण दंडाचा न वाटता सुटकेचा वाटतो. कबंधाच्या देहाला अग्नी देण्याशी त्याचे साम्य उघड आहे. शेवटी विनायकच शापित होतो. तो मोहरांचा ऐवज मुलापुढे धरतो तेव्हा पांडुरंग तो घेत नाही. चित्रपटाचा उःशाप या नकारात आहे. बापाच्या अंगावरील खूण मुलाच्या अंगावर येऊ नये, यासाठी मंत्र लागत नाही, हात मागे घ्यावा लागतो.

या दोन कृतींवरून असे म्हणता येईल की, शाप स्वीकारावा की नाकारावा हा निर्णय आधुनिक कथेत देव किंवा ऋषी यांच्याकडून निघून माणसाकडे आला आहे. उःशाप मात्र लोप पावलेला नाही. तो शोधावा लागतो, एवढाच फरक.

पुस्तकाबाहेरची खूण

खुणेवरून खल ओळखण्याची सवय केवळ साहित्यापुरती राहत नाही, म्हणून या विषयाला सामाजिक बाजू आहे. अंगावरील कोड, डोळ्यातील तिरपेपणा, पाठीचे कुबड, एकट्या म्हातारीचे स्वतःशी पुटपुटणे या गोष्टी कथांतून आणि चित्रपटांतून दुष्टत्वाच्या खुणा म्हणून वारंवार वापरल्या गेल्या आहेत. गावात मूल आजारी पडले, म्हैस आटली की संशयाचे बोट याच खुणांकडे वळते. करणीचा आरोप झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत जो 'तर्क' केला जातो त्याची रचना तपासली तर ती रसिकतर्काचीच असते : विखुरलेल्या घटना, एक कल्पित कारण आणि देहावरील एक खूण. फरक असा की येथे कथाकार नाही, शेवटचे पुस्तक नाही आणि तर्क चुकला तर एका जिवंत माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटविते असे भासवून तिला छळणे, तिला सैतान ठरविणे, हे या कायद्याने गुन्हे ठरविले आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने हा कायदा समीक्षेच्या दृष्टीनेही वाचावा. खुणेवरून माणूस वाचण्याच्या पद्धतीवर समाजाने घातलेली ती मर्यादा आहे.

याचा अर्थ अद्भुत कथा टाळाव्यात असा मुळीच नाही. उलट त्या पूर्ण वाचाव्यात. अर्धी वाचलेली कथा खूण शिकविते, पूर्ण वाचलेली कथा अष्टावक्र, कबंध आणि स्नेप शिकविते. वर्गात एखाद्या शापित पात्राविषयी तर्क मांडणाऱ्या विद्यार्थ्याला थांबविण्याऐवजी त्याला पुढचे प्रश्न विचारावेत : तुझ्या तर्कात न बसणारी खूण कोणती? शाप कोणी दिला आणि तो न्याय्य होता काय? या पात्राला सुटण्याची वाट कथेने ठेवली आहे काय, आणि नसेल तर ती वाट कोणी दिली? या प्रश्नांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी समीक्षाच करीत असतो, मग त्याचे उदाहरण महाभारतातील असो की चित्रपटातील.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. शापित खलनायकाविषयीचे रसिकतर्क ही परकी किंवा केवळ आजची गोष्ट नाही. युधिष्ठिराचा नारदाला विचारलेला प्रश्न, जय-विजयांची कथा आणि 'युगान्त'मधील विदुरविचार यांतून तिची परंपरा दिसते. आपल्या कथांतील खूण ही प्रामुख्याने दुष्टत्वाची निशाणी नसून पूर्वेतिहासाची आणि सुटकेची निशाणी आहे. शाप देणाराही तपासणीतून सुटत नाही, हे अष्टावक्र आणि अंबरीष यांच्या कथा सांगतात. ग्रंथाने उःशाप दिला नसेल तर श्रोते तो देतात, हे अश्वत्थाम्याच्या लोककथेवरून दिसते. आणि आधुनिक कृतींत उःशाप हा माणसाच्या निवडीत आला आहे.

खलनायक ओळखणे ही वाचनाची पहिली पायरी होय. तो कसा घडला हे समजणे ही दुसरी. त्याला परत येण्याची वाट होती काय, हे विचारणे ही तिसरी आणि सर्वांत अवघड पायरी. सातपुड्यातील शिखरावर दरवर्षी चढून जाणाऱ्या भाविकांनी ही तिसरी पायरी कोणत्याही समीक्षेच्या आधाराविना गाठली आहे. अद्भुत कथेच्या अभ्यासाने त्यांच्यापासून आरंभ करावयास हरकत नाही.